अनुभव धागा : समुद्री चाच्यांच्या मालिका आणि त्यांतला इतिहास

घाट उतरल्याखेरीज समुद्र दिसत नाही अशा आपल्या कोल्हापुरात चाच्यांच्या मालिका इतक्या आवडीने पाहिल्या जातात, हे मला अलीकडे काही ओळखीच्या मंडळींशी बोलताना लक्षात आले. मात्र प्रत्येक संभाषण शेवटी एकाच प्रश्नावर येऊन थांबे : यातले खरे किती? म्हणून हा धागा. आपण कोणती मालिका पाहिली, तिच्यात इतिहास आणि कल्पना यांचा सांधा आपल्याला कुठे जाणवला आणि तो जाणवल्यानंतर पाहण्यात काय फरक पडला, हे सविस्तर लिहावे. कथानके उघड होतील, याची वाचकांनी तयारी ठेवावी.

निवृत्त इतिहास शिक्षक, शिवाजी पेठ

माझ्या मुलाच्या आग्रहामुळे मी ‘ब्लॅक सेल्स’ ही २०१४ ते २०१७ या काळात चार पर्वांत आलेली मालिका पाहिली. पहिल्या काही भागांतील हिंसा आणि शृंगार पाहून मी ती सोडून देणार होतो, परंतु ‘उर्का दे लिमा’ हे जहाजाचे नाव ऐकले आणि सरसावून बसलो. स्पेनचा खजिना घेऊन निघालेल्या ज्या ताफ्यातील अकरा जहाजे जुलै १७१५ च्या अखेरीस फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर वादळात बुडाली, त्या ताफ्यात या नावाचे जहाज खरोखरच होते. बुडालेल्या चांदीच्या ओढीने आलेल्या लोकांमुळे बहामा बेटांतील नॅसॉ हे चाच्यांचे ठाणे भरभराटीला आले, हेही खरे आहे. मात्र ज्याच्याभोवती सगळी मालिका फिरते तो कॅप्टन फ्लिंट कधी जन्मलाच नाही. तो आणि लाँग जॉन सिल्व्हर स्टीव्हन्सन यांच्या ‘ट्रेझर आयलंड’ या १८८३ च्या कादंबरीतले आहेत, आणि तिथेही फ्लिंट कथा सुरू होण्यापूर्वीच मेलेला आहे. त्याच्या शेजारी उभे असलेले चार्ल्स व्हेन, जॅक रॅकहम, बेंजामिन हॉर्निगोल्ड, एडवर्ड टीच ऊर्फ ब्लॅकबिअर्ड हे चाचे आणि बहामाचा इंग्रज गव्हर्नर वुड्स रॉजर्स ही माणसे मात्र इतिहासातली आहेत.

पात्रे कल्पित आहेत म्हणून मला राग आला नाही. खटकले ते खऱ्या माणसांच्या मृत्यूंची केलेली हलवाहलव. मालिकेत व्हेनला नॅसॉमध्ये फाशी होते आणि त्यातून बंड पेटते. प्रत्यक्षात त्याला १७२१ मध्ये जमैकातील पोर्ट रॉयल येथे फाशी दिले गेले आणि त्यामुळे कुठलेही बंड झाले नाही. टीच मालिकेत रॉजर्सच्या हुकुमाने जहाजाच्या तळाखालून ओढला जाऊन मरतो. खरा टीच २२ नोव्हेंबर १७१८ रोजी नॉर्थ कॅरोलिनातील ओक्राकोक बेटाजवळ लेफ्टनंट मेनार्डच्या माणसांशी लढताना पडला. रॉजर्सला मालिका कर्जापायी तुरुंगात पाठवते आणि तिथेच सोडते. तुरुंग खरा आहे, पण तोच रॉजर्स पुढे पुन्हा गव्हर्नर होऊन आला आणि १७३२ मध्ये नॅसॉलाच वारला. वर्गात मी मुलांना सांगत असे की सनावळी चुकली तर एक गुण जाईल, पण घटनेमागचे कारण चुकले तर सगळे उत्तर जाईल. इथे सनावळी बरीचशी सांभाळली आहे आणि कारणे मात्र बदलली आहेत.

वकील, कसबा बावडा

सरांच्या म्हणण्यात एक भर घालते. मी हीच मालिका रॅकहमच्या टोळीतल्या ॲन बॉनी या स्त्री चाच्यासाठी पाहिली आणि मग तिच्या खटल्याविषयी मिळेल ते वाचले. रॅकहमला १८ नोव्हेंबर १७२० रोजी फाशी झाली. त्यानंतर दहा दिवसांनी जमैकातल्या स्पॅनिश टाउन येथे ॲन बॉनी आणि तिची साथीदार मेरी रीड यांच्यावर खटला चालला, त्यात ज्यूरी नव्हती, आणि त्याचा वृत्तांत पुढच्याच वर्षी जमैकात छापला गेला. त्यात डोरोथी थॉमस नावाच्या लुटल्या गेलेल्या स्त्रीची साक्ष आहे. या दोघी पुरुषी कोट आणि लांब विजारी घालून, हातात कोयता आणि पिस्तूल घेऊन वावरत होत्या, आणि पुढे ही बाई आपल्याविरुद्ध साक्ष देईल म्हणून हिला मारून टाका असे इतरांना बजावत होत्या, असे ती सांगते. बाई वाचली आणि तिने नेमकी साक्ष दिली. शिक्षा सुनावल्यावर दोघींनी आपण गरोदर असल्याचे सांगितले आणि फाशी लांबणीवर पडली. रीड १७२१ मध्ये तुरुंगात वारली. बॉनीचे पुढे काय झाले, याचा खात्रीचा कागद नाही.

एवढा भक्कम खटला हाताशी असताना मालिकेने तो वापरलाच नाही, हे मला फार आश्चर्याचे वाटले. तिथली ॲन शेवटपर्यंत मोकळी राहते आणि मेरी रीड अखेरच्या भागात पुरुषी वेशात क्षणभर येऊन जाते. ॲन आयर्लंडमधल्या एका वकिलाची मुलगी होती ही प्रसिद्ध हकीकत १७२४ च्या एका पुस्तकातून आली आहे आणि तिला न्यायालयीन कागदाचा आधार नाही, तरी लोकांच्या तोंडी खटल्यापेक्षा तीच अधिक आहे. आमच्या व्यवसायातही साक्षीपेक्षा ऐकीव गोष्ट लवकर पसरते, त्यामुळे मालिकावाल्यांना मी फार दोष देत नाही.

चित्रपटांच्या वेशभूषेचे काम करणाऱ्या घरातील एक जण, मंगळवार पेठ

आमच्या घरी ऐतिहासिक चित्रपटांचे अंगरखे आणि मंदिल शिवले जात असत, त्यामुळे माझी नजर प्रथम कपड्यांकडे जाते. कॅरिबियन बेटांच्या उकाड्यात पायघोळ चामडी कोट घालून दिवसभर फिरणारा माणूस दिसला की मला घाम फुटतो. त्या काळचे साधे खलाशी जाडेभरडे सुती-लिनन कापड, लोकरी सदरा आणि डांबर फासलेले कॅनव्हास वापरत. डोक्याला रुमाल, कमरेला रंगीत पट्टा आणि कानात बाळी हे जे चाच्याचे रूप आपल्या डोळ्यांपुढे येते, ते बऱ्याच अंशी हॉवर्ड पाइल या अमेरिकी चित्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी रंगवले. चाचे ज्या घोगऱ्या, लांबवलेल्या उच्चारांत बोलतात, ते १९५० च्या ‘ट्रेझर आयलंड’ चित्रपटात रॉबर्ट न्यूटन या नटाने वापरलेले त्याच्या मुलखाचे बोलणे आहे. रॅकहमच्या नावावर खपणारा कवटी आणि दोन तलवारींचा झेंडाही त्याचाच होता, याला तत्कालीन पुरावा नाही. म्हणजे आजचा वेशभूषाकार इतिहासाची नक्कल करत नाही, तो आधीच्या चित्रांची आणि चित्रपटांची नक्कल करतो. आम्हीही तेच करत होतो, हे सांगायला मला संकोच नाही. पेशवाई पगडी कशी बसवायची हे आमच्याकडे कागदपत्रांपेक्षा जुन्या चित्रपटांच्या छायाचित्रांवरूनच ठरे.

विषय निघालाच आहे म्हणून थोडे विषयांतर. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेल्या आणि १९३३ मध्ये पुण्याला गेलेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३६ मध्ये ‘अमर ज्योती’ हा चित्रपट काढला होता. शांताराम यांच्या या चित्रपटात दुर्गा खोटे यांनी साकारलेली सौदामिनी आपल्या मुलाचा ताबा नाकारला गेल्यावर समुद्रावर उतरून चाच्यांची राणी होते. त्यात कुठलेच खरे राज्य नाही, खरा सन नाही, आणि तरीही स्त्रीवरील कायद्याच्या अन्यायाचा प्रश्न आजच्या खर्चिक मालिकांपेक्षा त्यात अधिक थेट मांडला आहे, असे माझे मत आहे.

विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ

मी ‘वन पीस’चा चाहता आहे. १९९७ पासून चालू असलेल्या जपानी चित्रकथेवरची २०२३ मधील नेटफ्लिक्स मालिका ही उघडउघड अद्भुत कथा असल्यामुळे तिच्यात इतिहास शोधू नये, असे मित्र सांगतात. पण या कथेत एडवर्ड टीचचे नाव दोन पात्रांत वाटून दिलेले आहे, बॉनी आडनावाची एक मुलगी आहे, आणि झोरो या निष्ठावान तलवारबाजाचे रोरोनोआ हे नाव लोलोने या सतराव्या शतकातल्या अत्यंत क्रूर फ्रेंच चाच्यावरून घेतले आहे. मला या नावांमुळेच खऱ्या माणसांचा शोध घ्यावासा वाटला. लोलोनेविषयी वाचल्यानंतर झोरोकडे पूर्वीइतक्या निरागसपणे पाहता येत नाही, एवढेच.

गृहिणी, राजारामपुरी

मला ‘आवर फ्लॅग मीन्स डेथ’ ही २०२२ ची विनोदी मालिका आवडली आणि तिच्याविषयी कोणीच लिहिले नाही म्हणून लिहीत आहे. बार्बाडोसचा सधन जमीनदार स्टीड बॉनेट बायकामुलांना सोडून, स्वतःच्या पैशाने जहाज घेऊन, त्यावर पुस्तकांचा संग्रह ठेवून आणि खलाशांना पगार देऊन चाचेगिरीला निघतो, हा भाग मला लेखकाची गंमत वाटला होता. तो भाग तर खरा निघाला! तो ब्लॅकबिअर्डबरोबर फिरला आणि डिसेंबर १७१८ मध्ये चार्ल्सटनला फाशी गेला, हेही खरे. त्या दोघांमधले प्रेम तेवढे मालिकेने रचले आहे. जी मालिका गंभीर चेहऱ्याने इतिहास सांगते, तिच्यापेक्षा ही हसत हसत थापा मारणारी मालिका मला अधिक प्रामाणिक वाटते. बॉनेटच्या पत्नीची बाजू तिने थोडीतरी दाखवली, याचे मला विशेष वाटले.

करवीर नगर वाचन मंदिराचे एक सभासद

वकीलबाईंनी ज्या १७२४ च्या पुस्तकाचा उल्लेख केला, त्याविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. कॅप्टन चार्ल्स जॉन्सन या नावाने लंडनमध्ये निघालेल्या या चाच्यांच्या इतिहासावर या सर्व मालिका कमीअधिक प्रमाणात उभ्या आहेत. हे नाव टोपणनाव मानले जाते, आणि त्यामागे कोण होते यावर आजही एकमत नाही. त्यात न्यायालयीन वृत्तांत आहेत, वर्तमानपत्रांतील मजकूर आहे, बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या चाच्याच्या जहाजावरचे नियम आहेत. रात्री आठला दिवे मालवणे, पैसे लावून जुगार न खेळणे, अवयव गमावणाऱ्याला भरपाई देणे, अशी ती कलमे आहेत, आणि मालिकांमध्ये दिसणारी चाच्यांची मतदानाची पद्धत अशा नोंदींवरूनच आली आहे. परंतु १७२८ च्या दुसऱ्या भागात मिसन नावाच्या एका कप्तानाची सविस्तर कथा आहे. त्याने मादागास्करमध्ये समतेवर आधारलेले राज्य वसवले म्हणतात, आणि हा कप्तान पूर्णपणे कल्पित आहे असे अभ्यासक मानतात. खऱ्या चाच्यांच्या प्रकरणांमध्ये तो कुठलीही खूण न करता बसवलेला आहे. २०२१ च्या ‘द लॉस्ट पायरेट किंगडम’सारखी अभ्यासकांना कॅमेऱ्यासमोर बसवणारी मालिका पाहतानाही मला हे आठवत राहिले, कारण अभ्यासक सावधपणे बोलतो आणि पुढच्याच क्षणी नट ते निःशंकपणे करून दाखवतो.

मूळचे मालवणचे, सध्या उद्यमनगरात व्यवसाय

‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’च्या २००७ मधील चित्रपटात ‘श्री संभाजी आंग्रिया’ नावाचा एक चाचा सरदार आहे. तो पाहिल्यावर चित्रपटगृहात काही जण हसले, मला हसू आले नाही. कान्होजी आंग्रे यांचा काळ आणि नॅसॉचा काळ एकच आहे. १७१८ मध्ये रॉजर्स चाच्यांसाठी राजाचे माफीपत्र घेऊन नॅसॉला उतरला, आणि त्याच वर्षी मुंबईचा गव्हर्नर बून याने खांदेरीवर हल्ला करून हात पोळून घेतले. १७२१ मध्ये मादागास्करच्या चाच्यांचा बंदोबस्त करण्यासाठी इंग्लंडहून कमोडोर मॅथ्यूज ज्या युद्धनौका घेऊन आला, त्याच नौका पोर्तुगीजांच्या जोडीने अलिबागजवळच्या कुलाब्याच्या किल्ल्यावर चालून गेल्या आणि अपयश घेऊन परतल्या. इंग्रजांच्या लेखी दोन्ही कामे एकाच खात्यात पडत होती. टीचच्या मागे कुठले राज्य नव्हते; कान्होजी सरखेल म्हणजे आरमाराचे प्रमुख होते, जहाजांना दस्तक म्हणजे परवाने देत होते, आणि १७१३-१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांनी त्यांना शाहूंच्या बाजूला वळवेपर्यंत ते आपल्या ताराबाईंच्या पक्षाचे होते.

कोल्हापूरकरांनी याच्याही पुढे जाऊन पाहावे. मालवणचा सिंधुदुर्ग पुढे कोल्हापूर दरबाराकडे होता, आणि तिथल्या आरमाराला मुंबईकर इंग्रज चाचेच म्हणत. १७६५ मध्ये त्यांनी किल्ला घेऊन त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले आणि पुढे पैशाच्या तडजोडीवर तो परत केला. १८१२ च्या तहात कोल्हापूरने मालवण बंदर कायमचे सोडले आणि लढाऊ जहाजे न बाळगण्याचे मान्य केले, त्याबदल्यात इतर सत्तांपासून संरक्षणाची हमी घेतली. म्हणून परदेशी मालिकांनी टीचला नायक केले की आमच्या आंग्र्यांवर कधी मालिका येणार, असे विचारणाऱ्या मित्रांना मी उलटा प्रश्न करतो. ती आली, तर तिच्यात दस्तक न घेतल्यामुळे पकडलेल्या गलबतांचे देशी मालक दिसतील का? त्या गलबतांवरचा माल सगळा इंग्रजांचा नव्हता. कुलाब्याची लढाई कोणीही उत्तम चित्रित करील, परंतु जहाज सोडवायला खंडणी घेऊन किल्ल्यावर आलेला सुरतेचा एखादा व्यापारी आणि त्याच्यासमोर बसलेले सरखेल, हा प्रसंग लिहिणारा लेखक मिळाला, तर ती मालिका मी पहिल्या भागापासून पाहीन.