बाबांच्या नाटकाच्या बोर्डांवरून एआय चित्रं, पैसे ब्लॉकचेनवर: ऑर्डर घेऊ का?

वडस्याचा_पेंटर
नमस्कार मंडळी. मी वडस्याजवळच्या खेड्यातला. बाबांनी तीसेक वर्षं झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचे बोर्ड रंगवले. दिवाळी झाली, मंडई (गावची जत्रा) भरायला लागली की आमच्या छपरीत कापड ताणलेलं असायचं. नायिकेचे डोळे बाबा सगळ्यात शेवटी काढायचे, तोवर कोणाला जवळ येऊ देत नसत. मग फ्लेक्स आला. आता मी फ्लेक्सच डिझाईन करतो.

मूळचे लाखांदूरकडचे, आता पुण्यात असलेले एक गृहस्थ मागे लागलेत. दंडारीवर, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यावर, बारा डिजिटल चित्रं पाहिजेत. बाबांच्या बोर्डांचे माझ्याकडे साठ-सत्तर फोटो आहेत. ते त्यांना द्यायचे, ते त्यावर एआय मॉडेल शिकवणार, त्यातून निघालेल्या चित्रांवर मी हात फिरवायचा, मग एकेकाचं एनएफटी, म्हणजे ब्लॉकचेनवर (अनेक संगणकांवरच्या सामायिक नोंदवहीत) त्या चित्राच्या नावाची विकता येणारी नोंद. साठ हजार रुपयांचं इथर (इथेरियम या ब्लॉकचेनचं डिजिटल नाणं) स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे अट पूर्ण झाली की पैसे सोडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, आधीच ठेवतो म्हणतात, आणि पुढे जितक्यांदा विकलं जाईल तितक्यांदा दहा टक्के आम्हाला.

मी फुकटच्या एका टूलवर करून पाहिलं. दंडारीत बाईचं सोंग घेतलेला गडी मागितला, तर खरीच बाई आली, तीही गुजराती पदराची. ढोलकीवाल्याला सहा बोटं. बोर्डावर नाटकाचं नाव म्हणून जे उमटलं ते बाबांना दाखवलं. म्हणाले, "हे कोण्या देशाचं अक्षर आहे बापा?"

साठ हजार आमच्यासाठी लहान रक्कम नाही. घेऊ का?

अकोल्याचा_कोडवाला
भाऊ, पैसे आधी कॉन्ट्रॅक्टात अडकणं वाईट नाही. 'सीझन झाला की देतो'पेक्षा बरंच. पण चित्र पसंत पडलं हे कॉन्ट्रॅक्टला कसं समजणार? कोणीतरी बटण दाबावं लागते. ते एकट्या त्यांच्या हाती असलं तर पैसे स्क्रीनवर दिसत राहतील, खिशात येणार नाहीत. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर रक्कम आपोआप तुमची, अन् वाद झाला तर तिसऱ्या माणसाकडे एक चावी, तिघांपैकी दोघांच्या सहीनं पैसे सुटतील, असं करून घ्या.

दहा टक्क्यांच्या भरवशावर राहू नका. ईआरसी-२९८१ हे एनएफटीचं स्टँडर्ड रॉयल्टी किती अन् कोणाला एवढंच सांगते, ती द्यायची की नाही हे विकणाऱ्या साइटवर आहे. आणि चित्र बहुतेक वेळा साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, नसतेच, तिथे नुसती लिंक असते. फाईल आयपीएफएसवर (अनेक संगणकांत वाटलेल्या फाईल-साठ्यात) टाकली तरी कोणीतरी ती आपल्या सर्व्हरवर सांभाळावी लागते. ब्लॉकचेन लई वीज खाते म्हणून कोणी भिववलं तर ते जुनं झालं, वीज खाणारी मायनिंग इथेरियमनं सप्टेंबर २०२२ मध्येच सोडली.

यवतमाळची_वकील
मला अडचण आधीच्या पायरीवर दिसते. ते बोर्ड पैसे देऊन कोणी करून घेतले? नाटक मंडळ्यांनी ना? मग कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ बघा. दुसऱ्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन रंगवलेल्या चित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, तो सांगणारा. बाबांकडे कलम ५७ चा हक्क राहतो: हे मी काढलं असं म्हणण्याचा, आणि मोडतोड करून बदनामी केली तर अडवण्याचा. साखळीवर तुमचं नाव चढल्यानं यात फरक पडत नाही. कोणी, कधी, काय नोंदवलं ते तिथे पक्कं राहतं. नोंदवलेलं खरं होतं का, ते तिला माहीत नसतं.

नव्या चित्रांचे हक्क कोणाचे तेही कागदावर घ्या. हक्क लिहून दिले आणि मुदत लिहिली नाही, तर कलम १९ प्रमाणे पाच वर्षं धरतात. आणि पैसे रुपयांत घ्या हो. इथर घेऊन पुढे नफ्यात विकलं की १ एप्रिल २०२२ पासून सरळ ३० टक्के कर, वर सेस. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही.

भंडाऱ्याचा_ब्रशवाला
फोटो देऊ नको गड्या. लोरा म्हणून मॉडेल शिकवायची पद्धत आहे, वीस-तीस चित्रांतही मॉडेल चित्रकाराची शैली उचलते. कॉन्ट्रॅक्ट बारा चित्रांचं, त्यांच्या मशीनवर बाराशे निघतील. कोण मोजणार? शिकवायचंच तर तुझ्या मशीनवर शिकव.

वडस्याचा_पेंटर
माझ्या मशीनमध्ये ग्राफिक कार्ड नाही जी, दुकानातला जुना पीसी आहे.

वकीलताई, मंडळ्यांचं डोक्यातच नव्हतं. दोन ठिकाणी विचारलं. एक मालक म्हणे, "घेऊन टाक, आमाले काय कराचं." पण लिहून द्या म्हटलं तर चहा मागवला अन् विषय बदलला. दुसरी मंडळी बंद पडली, मालक वारले. त्यांचा मुलगा नागपूरला असतो. त्याचा पहिला प्रश्न, "तुले किती मिळून राहिले?"

पुण्याला कळवलं की फोटो नाही, मॉडेल नाही. रेखाटन बाबा कागदावर करतील, रंग मी टॅबवर भरीन, मागचं जंगल अन् मंडपाचे दिवे एआयकडून घेऊ. अर्धे पैसे आधी, रुपयांत. एनएफटी त्यांना करायचंच असेल तर करोत, बाबांचं नाव त्यात पाहिजे. विचार करून सांगतो म्हणालेत, त्याला आता आठ दिवस झाले.

बाबा काही थांबले नाहीत. काल संध्याकाळी छपरीत बसून पहिला गडी काढला, लुगड्याचा काष्टा अन् पायातले चाळ सगळं झालं. डोळे बाकी आहेत.