घेऊन ठेवलेलं कार्ड सापडत नाही

म्हापसा: आईच्या पंचाहत्तरीसाठी घेतलेलं कार्ड चतुर्थीच्या साफसफाईत कुठे गेलं कळत नाही. समईचं चित्र आहे त्यावर, मला तेच द्यायचंय. माळा, कपाट सगळं उपसलं. तुम्ही कार्डं कुठे ठेवता?

फोंडा: ताई, माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगतो त्या फळापानांच्या मंडपीचं, सामान बांधून ठेवलं त्या पेटीत बघा. आमच्याकडे कागदाचं सगळं तिथेच जातं.

डिचोली: मिळालं की आधी लिफाफा तपासा. जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या दमट हवेत गोंद आपोआप चिकटतो. मी लिफाफ्याच्या झाकणाखाली बटरपेपर घालते, कार्डं स्टीलच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. भाच्याच्या वाढदिवसाचं, नाताळला शेजाऱ्यांना द्यायचं, सगळं त्यातच. डब्यावर तारखांची चिठ्ठी.

म्हापसा: पेटी उघडतेच. चिकटला असेल तर वाफेवर धरू?

डिचोली: नको गं, रंग फुटेल. नवा लिफाफा घे.