पिकअप बदलायच्या आधी दोन स्क्रू तरी फिरवून बघा

मंद्रसप्तक

परवा "नव्या बेसवाल्यांसाठी सल्ला" म्हणून गडगडाट यांनी तीन वाक्यं लिहिली. एक, बेस गिटार घरात आली की पहिल्या आठवड्यात मूळचे पिकअप (तारांखालचे, तारेच्या कंपनाचा विद्युत संकेत करणारे चुंबक आणि कॉइल) काढून टाका. दोन, नवा पिकअप घेताना ओहम बघा, जितके जास्त तितका दम. तीन, बंद पडलेला पिकअप दुरुस्त करत बसू नका, वेळ वाया जातो. खाली नवख्यांनी धन्यवाद मानलेले पाहिले आणि राहवलं नाही.

आधी ओहम. मल्टीमीटरवर दिसतो तो तांब्याच्या तारेचा डीसी रोध, बाकी काही नाही. तितकेच वेढे बारीक तारेने घातले की आकडा वाढतो. एवढंच काय, हवा तापली तरी वाढतो. १० किलोओहमचा पिकअप १० अंश जास्त तापमानात मोजला तर मीटर जवळपास ४०० ओहम जास्त दाखवेल. तेवढ्याने बेसला दम आला का? चुंबक अल्निको (ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टचा मिश्रधातू) आहे की सिरॅमिक, ध्रुव (प्रत्येक तारेखाली येणाऱ्या धातूच्या कांड्या) किती जाड आहेत, कॉइल उंच आहे की बसकी, यातलं त्या आकड्यात काहीच उतरत नाही. वेढे वाढवले की पातळी वाढते हे मान्य. पण इंडक्टन्सही वाढतो, अनुनादाचं शिखर (ज्या वारंवारतेला पिकअप सगळ्यात जास्त उठून वाजतो ती जागा) खाली सरकतं आणि बोटाचा तारेवरचा ठोका ऐकू येईनासा होतो.

आता काढून टाकण्याबद्दल. माझ्या पहिल्या बेसची 'जी' (G), म्हणजे सगळ्यात बारीक तार कायम दबलेली वाजायची. मीही असाच सल्ला ऐकून पिकअप बदलला. नव्या पिकअपवरही जी दबलेलीच! चार महिन्यांनी पिकगार्ड (बेसच्या तोंडावरची प्लास्टिकची पट्टी) उघडलं तेव्हा दिसलं की पिकअपखालचा फोम पार चिपाड झाला होता. स्क्रू सैल केला तरी पिकअपला वर ढकलायला खाली काही उरलंच नव्हतं. नवा फोम घातला, शेवटच्या फ्रेटवर तार दाबून तार आणि ध्रुवामधलं अंतर २ ते ३ मिलिमीटरच्या दरम्यान आणलं, जी मोकळी झाली. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं झालं होतं ते. म्हणून तळमळीने सांगतो: आधी उंची, मग तारा, मग पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे बदलते रोध) आणि जॅक, मग केबल. पिकअप सगळ्यात शेवटी.

गडगडाट

माझं नाव घेऊन लिहिलंय म्हणून उत्तर देतो. मी १४ वर्षं स्टेजवर वाजवतोय. स्वस्त बेसमध्ये काय असतं ते तुम्हीही जाणता: लोखंडी ध्रुव आणि खाली चिकटवलेली सिरॅमिकची पट्टी. माझ्या पहिल्या बेसमध्ये तेच होतं. उंची दहा वेळा खालीवर केली, तारा तीन प्रकारच्या लावल्या. ड्रमर वाजवायला लागला की माझा बेस चिखलात जायचा. अल्निको ५ चा पिकअप बसवला आणि पहिल्याच तालमीत गायिकेने मागे वळून पाहिलं. तुमचा फोम मेला होता, माझा नव्हता. तुमच्या एका फोमवरून सगळ्या नवख्यांना स्क्रू फिरवत बसवू नका.

आणि जाड ध्रुवांचं म्हणाल तर सीमोर डंकन कंपनीचा क्वार्टर पाउंड घ्या. पाव इंची ध्रुव आहेत. तो मूळ पिकअपच्या जागी बसवल्यावर फरक कळत नसेल तर वाद कानांशी आहे, माझ्याशी नाही.

मंद्रसप्तक

पाव इंची ध्रुवांनी फरक पडतो, अगदी पडतो. पण तो ध्रुवांचा आणि वेढ्यांचा मिळून पडतो, आणि तुम्ही नवख्यांना सांगितलंत ओहम बघायला. माझा आक्षेप तिथे आहे.

रीळफिरव

तिसऱ्या वाक्याबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. "बंद पडलेला पिकअप" ही गोष्ट लोक समजतात तितकी मेलेली नसते.

१९५७ पासून फेंडरच्या प्रिसिजन बेसला दोन तुकड्यांचा पिकअप आहे. दोन्ही तुकडे एकामागोमाग जोडलेले. म्हणजे एका तुकड्यातली कॉइलची तार तुटली की चारही तारा गप्प होतात आणि माणूस म्हणतो, पिकअप गेला. प्रत्येक तुकडा वेगळा मोजा. एक ५ किलोओहमच्या आसपास दाखवेल, दुसरा अनंत. अर्धा पिकअप धडधाकट आहे! माझ्याकडे एक जण नवा पिकअप बसवून मग सहज म्हणून जुना दाखवायला घेऊन आला होता. भिंगाखाली पाहिलं, तार बाहेरच्या टोकाला, जिथे ती पितळी कडीत सोल्डर केलेली असते तिथेच तुटली होती. एक वेढा सोडवला, टोकाचं लॅकर खरवडलं, सोल्डर केलं. झालं काम. आतलं टोक तुटलं असतं तर मात्र पूर्ण कॉइल उतरवावी लागली असती, ते कबूल.

ही तार ४२ गेजची, ०.०६ मिलिमीटरची असते. तिला घाम चालत नाही, ओल चालत नाही. जुन्या पद्धतीच्या पिकअपमध्ये ती थेट चुंबकाच्या कांड्यांवरच गुंडाळलेली असते. कांडी गंजली की सगळ्यात आतल्या वेढ्याला खाते. आणि कृपा करून त्या कांड्या अंगठ्याने आत ढकलू नका. "ए तार मोठी वाजते म्हणून ध्रुव जरा खाली ढकलला" असं सांगत आलेले पिकअप मी मोजले आहेत आणि मीटरचा काटा हललेला नाही. कांडी सरकली की आतला वेढा तुटतो. स्क्रूवाले ध्रुव असतील तर खुशाल फिरवा.

एकचनॉब

सगळं ठीक, पण मी पिकअप बदलले ते आवाजासाठी नाही, हमसाठी, म्हणजे विजेच्या घूंसाठी. जॅझ बेस (फेंडरचं दोन पिकअपचं मॉडेल) आहे. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असले की शांत. ब्रिजकडचा (तारा जिथे बेसच्या अंगाला अडकवतात त्या धातूच्या भागाजवळचा) एकटा वाजवला की घूंऽऽऽ सुरू. आख्ख्या खोबणीला तांब्याची पट्टी चिकटवली, एक रविवार त्यात गेला, बोटं कापली, घूं जशीच्या तशी. तेव्हा आधी हे करा, आधी ते करा म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास उरलेला नाही.

फॅरडेचा_पिंजरा

एकचनॉब, तुमचा रविवार ज्याने वाया घालवला त्याने दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत केली. ट्रान्सफॉर्मरमधून येणारी ५० किंवा ६० हर्ट्झची घूं चुंबकीय असते. पातळ तांब्याची पट्टी तिला अडवत नाही. पट्टी अडवते ती करकर, दिव्यांच्या डिमरची, ट्यूबलाइटची, म्हणजे विद्युतक्षेत्रातून शिरणारी. जॅझचे दोन पिकअप एकमेकांच्या उलटे गुंडाळलेले आणि उलट्या ध्रुवांचे असतात, म्हणून दोन्ही सारखे उघडले की घूं एकमेकांना खाते आणि तारेचा आवाज मात्र जुळतो. एकटा सिंगल कॉइल घूं करणारच. तुमच्या बाबतीत एकावर एक किंवा शेजारी दोन कॉइल असलेला, हम मारणारा पिकअप हाच खरा उपाय होता. बदललात ते बरोबर केलंत.

गडगडाट

म्हणजे बदलणं बरोबर. नोंद घ्यावी. आणि तारांना हात लावल्यावर आवाज थांबत असेल तर पिकअप हलक्या दर्जाचा समजावा, हेही नवख्यांना सांगा.

फॅरडेचा_पिंजरा

नाही हो, साफ चूक. हात लावल्यावर थांबते ती करकर. तुमचं शरीर अँटेनासारखं ती गोळा करून बेसजवळ आणतं. तारा ब्रिजला, ब्रिज अर्थला. तुम्ही तार धरली की शरीरही अर्थ होतं आणि करकर जाते. यात पिकअपच्या दर्जाचा संबंध नाही. पट्टी नीट लावली तर हात न लावताही ती बरीच कमी होते.

बॅटरीसोबती

हीच सगळी कटकट नको म्हणून अॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणारे पिकअप घ्या. मी ईएमजी कंपनीचे बसवले आणि या प्रकरणातून मोकळा झालो. ब्रिजची अर्थ वायरसुद्धा कापून टाकली. माइकला ओठ लागला की झटका बसायचा, तो बंद झाला. माझं तर सगळ्यांना सांगणं आहे, ती वायर कापाच.

रीळफिरव

"सगळ्यांना सांगणं आहे" हे शब्द मागे घ्या, बॅटरीसोबती. आत्ता. पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) बेसवाल्याने ही वायर कापली की त्याची करकर दुप्पट होणार आणि झटक्याचं मूळ कारण भिंतीत तसंच राहणार.

बॅटरीसोबती

आवाज चढवू नका. झटका मला बसलाय, तुम्हाला नाही.

रीळफिरव

मलाही बसलाय. एका कार्यक्रमात माझ्या अँपच्या प्लगची अर्थची पिन कोणीतरी मोडून ठेवली होती, "हम जाते" म्हणून. साउंड चेकला उजवा हात तारांवर, ओठ माइकवर. पुढचं मला आठवतं ते स्टेजवर बसलेलो असताना. जीभ दोन दिवस बधिर होती. त्या दिवसापासून मी प्रत्येक ठिकाणी मल्टीमीटर एसीवर ठेवून एक टोक तारेला, दुसरं माइकच्या जाळीला लावतो. काही व्होल्ट दिसले तरी वाजवत नाही, आधी वायरिंग बघायला लावतो. बेसमधली वायर कापून मनाची समजूत होते. ब्रिज मोकळा झाला तरी जॅकची पट्टी, धातूचे नॉब, कंट्रोल प्लेट सगळं अर्थलाच असतं, तिथे बोट लागणारच.

हे मी रागाने लिहितोय, हो. कारण पिन मोडणारा माणूसही असाच कोणाच्या तरी सल्ल्यावर वागला होता.

फॅरडेचा_पिंजरा

रीळफिरव यांच्याशी शब्दशः सहमत. बॅटरीसोबतींच्या बाजूने एवढंच म्हणतो की ईएमजी स्वतःच तारांची अर्थ वायर काढायला सांगते, त्यांचे पिकअप आतून शिल्ड केलेले असतात. त्यामुळे *त्यांच्या* बेसपुरतं त्यांनी केलं ते चुकीचं नाही. सगळ्यांसाठी मात्र चुकीचंच.

बॅटरीसोबती

बरं. अॅक्टिव्हवाल्यांपुरतं, असं वाचा. भिंतीतलं अर्थिंग तपासून घेतलेलं नव्हतं, उद्या घेतो. पण दुसरी एक गोष्ट ऐकून घ्याच. अॅक्टिव्ह पिकअपला नावं ठेवणारे अर्ध्याहून जास्त लोक २५ किलोओहमच्या पॉटऐवजी जुनेच २५० चे ठेवतात आणि मग म्हणतात व्हॉल्यूम बटणासारखा वागतो, एकदम चालू एकदम बंद. आणि केबल लावलेलीच ठेवून झोपतात. जॅकमध्ये प्लग असेपर्यंत ९ व्होल्टची बॅटरी चालूच असते हो! सकाळी फाटका आवाज आला की दोष पिकअपला.

मंद्रसप्तक

मी पिकअपच्या उंचीवर लिहायला बसलो होतो आणि आपण अर्थिंगवर पोचलो. पण रीळफिरव यांचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात कामाचा आहे, माझ्या मूळ लेखापेक्षाही. तो राहू दे.

पाचवा_फ्रेट

मी गडगडाट यांना धन्यवाद देणाऱ्यांपैकी एक. घाईत त्यांचा सल्ला अमलात आणूनही झाला. प्रिसिजनसाठी वापरलेला पिकअप घेतला, दोन तुकड्यांना जोडणारी वायर तुटलेली होती, ती मीच सोल्डर केली. सगळ्या तारा छान वाजतात, पण जुन्यापेक्षा घूं कितीतरी जास्त. मीटरवर १०.६ किलोओहम. म्हणजे पिकअप चांगला ना? मग हम का?

रीळफिरव

आकडा चांगला, जोडणी उलटी. एका तुकड्याच्या दोन वायरींची अदलाबदल करा. प्रिसिजनमध्ये प्रत्येक तार एकाच तुकड्यावरून जाते, म्हणून एक तुकडा उलटा जोडला तरी सुटे सूर नेहमीसारखेच वाजतात, कानाला संशय येत नाही. पण दोन्हींची घूं एकमेकांना खायच्या ऐवजी एकात एक मिळते. ओहम दोन्ही जोडण्यांत तेवढेच येणार. चुंबकाच्या ध्रुवांची काळजी इथे करू नका, हमसाठी गुंडाळणीची दिशा तेवढी मोजायची. जॅझमध्ये तसं चालत नाही, तिथे एकच तार दोन्ही पिकअपवरून जाते. जोडणी उलटी झाली तर आवाज पोकळ होतो, नाकातून बोलल्यासारखा.

सोल्डर करताना सोल्डरिंग आयर्न कडीवर दोन सेकंदांपेक्षा जास्त धरू नका.

गडगडाट

पाचवा_फ्रेट, माझ्यामुळे घाई झाली असेल तर वाईट वाटलं. ओहमचं वाक्य मागे घेतो. तापमानाचं मला ठाऊक नव्हतं, काल रात्री माझाच पिकअप अँपवर तासभर ठेवून मोजला, आकडा खरंच वाढला. दुरुस्तीचं वाक्यही अर्धं मागे घेतो, बाहेरचं टोक तुटलं असेल तेवढ्यापुरतं. आतून तुटलेली कॉइल पुन्हा गुंडाळून घेण्यात शहाणपण जुन्या, दुर्मिळ बेससाठीच, यावर मी ठाम आहे. आणि सिरॅमिकची पट्टी काढून टाकण्याबद्दल तर कोणी कितीही लिहा, तसूभर हलणार नाही.

मंद्रसप्तक

सिरॅमिक मुळात वाईट नसतो, वाईट बनवलेला पिकअप वाईट असतो. पण त्या वादासाठी वेगळा धागा काढा, मी येईन. तिथे केबलही घ्या. तुमच्या स्टेजवरच्या लांब केबलची कपॅसिटन्स मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड धरली तर पॅसिव्ह पिकअपचं ते अनुनादाचं शिखर किती खाली येतं ते मोजून दाखवतो.

पाचवा_फ्रेट

वायरींची अदलाबदल केली. घूं जुन्या पिकअपपेक्षाही कमी झाली, ट्यूबलाइटची करकर तेवढी आहे, तिला पट्टी लावेन. जुना पिकअप फेकला नव्हता, आत्ताच दोन्ही तुकडे वेगवेगळे मोजले: ५.२ आणि ५.३. बंद पडलेला नव्हताच तो. फोम मात्र बोटाने चुरला.

मंद्रसप्तक, फोम किती जाडीचा घातलात?

मंद्रसप्तक

मोकळा असताना १२ मिलिमीटर, दबल्यावर निम्मा. फार मऊ घेऊ नका, वर्षभरात पुन्हा बसतो. जी कशी वाजते ते कळवा.