मदत हवी आहे: सोचिमिल्कोची चिनांपा-सहल, शाकाहारी आई आणि शेतकरी बाबा

नमस्कार मंडळी,

आम्ही ह्यूस्टनला असतो. आई-बाबा कोरेगावहून (सातारा) सहा महिन्यांसाठी आलेत. ऑक्टोबरच्या शेवटी चार दिवस मेक्सिको सिटीला जायचं ठरतंय. पिरॅमिड, संग्रहालय वगैरे जमेल. अडलंय ते सोचिमिल्कोपाशी.

शहराच्या दक्षिणेला कालवे आहेत आणि कालव्यांमधल्या शेतांना चिनांपा म्हणतात, एवढं वाचलंय. पण व्हिडिओ बघावा तर रंगीबेरंगी बोटी, बिअरच्या बादल्या आणि नाचणारी पोरं. बाबांनी दोन मिनिटं बघून फोन परत दिला. म्हणाले, "बोटीत बसून गाणी ऐकायला मी येत नाही. वाफे दाखवणार असशील तर येतो." त्यांनी आयुष्यभर घेवडा, कांदा आणि दसऱ्याचा झेंडू केलाय.

आता तिथं काही जण पहाटेची सहल नेतात असं कळलं. चार-पाच तास, सोबत गाईड, शेतावर उतरायचं, तिथलीच भाजी तोडून नाश्ता. माणशी पैसे बरेच आहेत. मला विचारायचंय ते असं. एक, हे पैसे देण्यात अर्थ आहे, की आपलं आपण जाऊन बोट घ्यावी? दोन, आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. मागे इथल्याच एका मेक्सिकन हॉटेलात 'व्हेजिटेरियन' म्हणून मिळालेल्या घेवड्यात डुकराची चरबी होती. अर्धं ताट संपल्यावर कळलं, आणि त्यानंतर आई दोन दिवस केळ्यांवर राहिली. तीन, आईचा गुडघा. बोटीत चढ-उतार कितपत आहे? आणि आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा आहे, मेक्सिकोचा वेगळा काढावा लागेल का?

जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

उंबराचं_फूल
व्हिसाचं सांगते. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. फक्त परत यायचंय, म्हणून तो मल्टिपल एंट्री आहे ना ते बघून घ्या. बाकी जाणकार सांगतीलच.

फुकट_फौजदार
गाईड कशाला हवाय? मेट्रोच्या दोन नंबर लाईनने शेवटच्या तास्केन्या स्टेशनपर्यंत जा, तिथून हलकी रेल्वे थेट सोचिमिल्कोला जाते. धक्क्यावर सरकारी दराचा फलक असतो. भाडं तासावर आणि अख्ख्या बोटीचं, माणशी नाही. रस्त्यात सायकलवाले अडवून "इकडं चला" करतात, त्यांच्या मागं जाऊ नका. आम्ही रविवारी गेलो होतो, सहा जणांत बोट स्वस्तात पडली. मजा आली.

तव्यावरची_भाकर
फौजदारांची मजा आली यात वाद नाही, पण धागाकर्त्याच्या बाबांना ती मजा नकोय ना! तीन वर्षं या शहरात काढली आहेत, म्हणून जरा लांब लिहितो.

सोचिमिल्को दोन आहेत असं समजा. एक नातिवितासच्या धक्क्याचं. रविवारी तिथं त्राहिनेरा (त्या सजवलेल्या सपाट बोटी) एकमेकींना घासत चालतात, मारियाचीवाले दर गाण्याचे पैसे घेतात, मक्याची कणसं विकणाऱ्या होड्या बाजूला येऊन लागतात. तेही एकदा बघावं. पण त्या तास-दोन तासांत तुम्ही शेतापर्यंत पोचत नाही. बोट ठरलेल्या कालव्यात फिरून परत येते.

दुसरं सोचिमिल्को क्वेमांकोच्या बाजूचं. १९६८च्या ऑलिंपिकमधल्या नौकास्पर्धा जिथं झाल्या तो कालवा तिथंच आहे, आणि मोठा रोपबाजारही. उजाडायच्या आत निघालात तर पाण्यावर धुकं, बगळे, हिवाळ्याच्या तोंडाशी पांढरे पेलिकन, आणि आकाश स्वच्छ असेल तर पोपोकातेपेत्ल ज्वालामुखी. आवाज फक्त लांब काठीने बोट ढकलणाऱ्याचा. शेती बघायची तर इकडून जा, आणि इकडं माहितगार माणूस लागतोच. कारण बऱ्याच चिनांपा आता पडीक आहेत, काहींवर चक्क फुटबॉलची मैदानं झालीत. कोण अजून पिकवतंय आणि कोण पाहुण्याला बांधावर येऊ देतं, ते आपल्याला बोटीतून कळत नाही.

पैसे भरण्याआधी सहलवाल्याला एवढंच विचारा: शेतावर उतरून किती वेळ, आणि शेत कसणारा माणूस तिथं भेटणार का? उत्तरात टकीला, संगीत आणि 'फोटो पॉइंट' आले तर सोडून द्या.

गादीवाफा
कृषी पदविका केलेला माणूस आहे, त्यामुळे राहवत नाही. 'तरंगत्या बागा' हे नाव डोक्यातून काढा, बाबांनाही आधीच सांगा. काश्मीरच्या दल सरोवरातल्या बागा तरंगतात. चिनांपा तरंगत नाही. उथळ तळ्यात कुड घालून आत गाळ आणि पाणवनस्पतींचे थर चढवत नेलेला तो वाफा आहे, तळाला टेकलेला. नावही त्या कुडावरूनच पडलंय. अ‍ॅझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेत चिनामित्ल म्हणजे वेतकाठ्यांचा कुड. कडेनं आवेहोते नावाची झाडं लावतात. आपल्या नदीकाठच्या वाळुंजाचा सख्खा भाऊ. उंच, सडपातळ, त्यामुळे सावली कमी, आणि मुळं अशी की बांध ढासळत नाही. वाफा अरुंद ठेवायचा, म्हणजे दोन्ही बाजूंचं पाणी मातीतून मुळापर्यंत आपोआप झिरपतं. आणि कालव्याचा गाळ उपसून वर टाकला की खतही झालं. म्हणून वर्षातून अनेक पिकं निघतात.

बाबांना 'चापिन' नक्की दाखवायला सांगा. ओला गाळ जमिनीवर पसरतात, जरा आवळला की सुरीनं वड्या पाडतात, प्रत्येक वडीत बोटानं खळगा करून बी टाकतात. रोप उगवलं की वडीसकट उचलून लावायचं. मुळाला धक्का नाही. आपण आज कोकोपीटच्या ट्रेमध्ये जे करतो तेच, फक्त प्लॅस्टिक नाही.

आणि झेंडू! झेंडू मूळचा तिकडचाच. तिकडं त्याला सेम्पासूचिल म्हणतात, अर्थ 'वीस-फूल', म्हणजे पाकळ्यांची गर्दी असलेलं. १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा सण असतो, त्यासाठी सोचिमिल्कोत कुंड्यांमधून झेंडू वाढवतात. तुमची तारीख ऐन हंगामातली आहे.

धागाकर्ता
गादीवाफा, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. "झेंडू तिकडचा? मग आपण दसऱ्याला काय लावत होतो त्याआधी?" असं म्हणून विचारात पडलेत. येणार म्हणालेत! आता आईचं कुणीतरी सांगा. गुरुवारची जागा मिळतेय, सुट्टीचा दिवस नाही म्हणून गर्दी कमी.

सोलकढी_प्लीज
मी पक्की शाकाहारी, मेक्सिकोत दीड वर्षं काढलंय. हॉटेलात 'मांस नको' म्हटलं तर कोंबडी आणतात, कारण 'कार्ने' म्हणजे त्यांच्या लेखी लाल मांस. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करा: "नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो, नी ऊएवो, नी मांतेका." मांतेका म्हणजे डुकराची चरबी. परतून घोटलेल्या घेवड्यात ती असू शकते, तामालच्या (मक्याच्या पिठाचा, पानात गुंडाळून वाफवलेला पदार्थ) पिठात तर बहुतेक असतेच. भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. भरलेली मिरची आणि वाउसोंत्ले (चाकवताच्या कुळातला तुरा, आत चीज) बघून मोह होईल, पण दोन्हीला वरून अंड्याचं आवरण असतं.

आता खाण्याजोगं. त्लाकोयो आईंना आवडेल. निळ्या मक्याच्या पिठाचा लांबट, दोन्ही टोकांना निमुळता गोळा, आत घेवड्याचं सारण, तव्यावर भाजलेला. भरायची पद्धत आपल्या पुरणपोळीची, चव तिखट-मिठाची. पीठ चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं असतं. चुना ऐकून आई दचकतील, पण तो पानाला लावतात तसलाच. फक्त सारणात आणि तव्यावर चरबी नको, एवढं आदल्या दिवशी कळवून ठेवा. वर निवडुंगाची भाजी घालतात, काटे काढून, पातळ चिरून. जराशी भेंडीसारखी चिकट.

शेतावर 'केलितेस' म्हणून ज्या पालेभाज्या दाखवतील, त्यांतल्या निम्म्या आईच तुम्हाला ओळखून दाखवतील. वेर्दोलागा म्हणजे आपली घोळ. किंतोनिल म्हणजे माठ-राजगिऱ्याचाच प्रकार. भोपळ्याची फुलं तर आहेतच. एक पथ्य पाळा, पालेभाजी कच्ची खाऊ नका. सोचिमिल्कोच्या झऱ्यांचं पाणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच शहराकडं वळवलं. आज कालव्यांत येतं ते बरंचसं प्रक्रिया केलेलं सांडपाणी. शिजवलेलं बिनधास्त खा.

तव्यावरची_भाकर
गुडघ्याचं राहिलं होतं. त्राहिनेरात खुर्च्या आणि मधे लांब टेबल असतं, बसायला त्रास नाही. धक्क्यावरून बोटीत एक पायरीभर उतरावं लागतं, हात धरला तर जमेल. शेताच्या कडेला मात्र फळी टाकलेली असते किंवा तीही नसते, आणि माती ओली. चपला नकोत, बूट घाला. शहर २२४० मीटरवर आहे, पहाटे शाल लागतेच. स्वच्छतागृह धक्क्यावरच उरकून घ्या.

आणि आहोलोतेच्या नादाला लागू नका. तो कल्ल्यांची झालर मिरवणारा सॅलॅमँडर, ५० पेसोच्या नोटेवर आहे तो. १९९८च्या मोजणीत चौरस किलोमीटरमागे सुमारे ६०००, २०१४च्या मोजणीत ३६. बाहेरून आणून सोडलेले कार्प आणि तिलापिया मासे त्याची अंडी खातात, वर पाणी असलं. कालव्यात तो दिसत नाही. वाटेत टाकीत ठेवलेला दाखवून पैसे घेतात.

फुकट_फौजदार
आम्हाला तो टाकीतलाच दाखवला होता. आत्ता कळलं.

धागाकर्ता (परतल्यावर)
उशीर झाला, क्षमस्व. जाऊन आलो. ज्यांनी लिहिलं त्यांचे पाय धरायला हवेत, फौजदारांचेसुद्धा.

सहलवाल्याला विचारायचा तो प्रश्न तिघांना पाठवला. दोघांनी प्लेलिस्टची माहिती दिली. तिसरीनं लिहिलं की शेतकरी काकांना सकाळी भाजी बाजारात पोचवायची असते, म्हणून साडेसहाच्या आत बांधावर यावं लागेल, चालेल का? तिलाच पैसे भरले.

एक घोळ माझ्याकडूनच झाला (पालेभाजी नव्हे). गर्दी नको म्हणून गुरुवार घेतला, आणि आईचा गुरुवारचा उपास असतो हे साफ विसरलो! बोटीत बसल्यावर आई शांतपणे म्हणाली, "माझं नका बघू, मी चहा घेईन." चहा तिथं कुठला! मी गाईडला तोडक्यामोडक्या स्पॅनिशमध्ये उपास समजावत बसलो. मका नाही, घेवडा नाही. गाईडचा चेहरा बघण्यासारखा झाला, कारण उरतं काय? मग बराच विचार करून तिनं पिशवीतून एक वडी काढली. आलेग्रिया. आईनं हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि म्हणाली, "अरे, ही राजगिऱ्याची चिक्की आहे." शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया आणि बेदाणे लावलेली. सोचिमिल्कोतल्याच तुल्येवाल्को गावची, तिथं राजगिऱ्याचं मोठं काम चालतं म्हणे. राजगिरा, शेंगदाणे, रताळं, बटाटा, साबुदाण्याचा कंद, हिरवी मिरची: आपलं अख्खं उपासाचं ताट अमेरिका खंडातून आलंय, हे मी आईला तिथंच सांगितलं. तिचं उत्तर, "असू दे. देवाला चालतं ना?" चार वड्या खाल्ल्या. शिवाय पपई आणि चिकू. चिकू हे नावही त्यांच्याच भाषेतून आलेलं. त्लाकोयो मात्र आम्ही बापलेकांनी संपवले, चरबीविना, आदल्या दिवशी कळवलं होतं त्याप्रमाणे.

बाबांचं काय सांगू. फळीची वाट न बघता उडी मारून उतरले. शेतकरी काका साधारण त्यांच्याच वयाचे. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं, गाईड बिचारी मधे धावत होती, मग तीही थांबली. काकांनी गाळ पसरला, वड्या पाडल्या, बोटानं खळगे केले. बाबांनी सुरी मागून घेतली आणि पुढच्या दोन रांगा स्वतः पाडल्या. काकांनी बघितल्या आणि एका रांगेवर फुली मारली, वड्या लहान झाल्या होत्या. बाबांना ते फार आवडलं. नंतर बोटीत म्हणाले, "नर्सरीवाला रोपामागं रुपया घेतो आपल्याकडं. आणि ओढ्यात गाळ पडलाय किती."

झेंडूच्या कुंड्या अर्ध्याअधिक बाजाराला गेल्या होत्या, तरी उरलेला पट्टा बघून बाबा बराच वेळ उभे होते. वाण विचारला, उंची वितीनं मोजली, एक फूल कुस्करून वास घेतला.

मग ह्यूस्टनच्या विमानतळावर, कस्टमचा फॉर्म बघताना, बाबांनी खिशातून रुमाल काढला. रुमालात झेंडूची दोन सुकी फुलं, बियांसकट. काकांनी दिलेली. मला घाम फुटला. आपणहून सांगितलं म्हणून दंड वगैरे झाला नाही, पण अधिकाऱ्यानं फुलं ठेवून घेतली. कुणी जाणार असेल तर लक्षात ठेवा, बी-बियाणं आणायचं असेल तर कागदपत्रं लागतात.

बाबा गाडीत बसेपर्यंत गप्प. मग म्हणाले, "जाऊ दे. आपल्याकडचा गोंडा मोठा येतो."

चापिनचे फोटो उद्या टाकतो. गादीवाफा, बाबांना तुमच्याशी फोनवर बोलायचंय, गाळात शेणखत किती मिसळायचं यावर. व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा.