मदत हवी आहे: साईटचं प्लॅनिंग शिकायला ऑनलाइन काय आहे? सोमवारी बार चार्ट द्यायचाय

प्लिंथलेव्हल
नमस्कार. मला बांधकामाचं प्लॅनिंग आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंट ऑनलाइन शिकायचं आहे. शोधायला गेलं की एकतर हजारो रुपयांचे कोर्स येतात, नाहीतर परदेशातल्या पुलांचे व्हिडिओ. शेठना सोमवारी बार चार्ट हवाय, म्हणजे कोणतं काम कधीपासून कधीपर्यंत ते दाखवणारा पट्ट्यांचा तक्ता. साईट चिपळूणला आहे. फुकट किंवा स्वस्त जे काही असेल ते सांगा. जाडजूड पुस्तकं सुचवू नका, तेवढा वेळ नाही.

दुबईकर
प्रायमाव्हेरा पी६ हे प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर शिका, दुसरं काही बघू नका. इकडे प्लॅनिंगच्या नोकरीला गेलात की पहिला प्रश्न तोच असतो. मी स्वतः साईटवरून प्लॅनिंगला आलो ते पी६ मुळेच.

केतकी_सिव्हिल
दुबईकर, जरा थांबा, त्यांना आधी बोलू तरी द्या. प्लिंथलेव्हल, इमारत केवढी आहे? काम लेबर रेटवर (फक्त मजुरी) की विथ मटेरियल (मालासकट)? तुम्ही बिल्डरकडे की कंत्राटदाराकडे? आरसीसीचे नकाशे आलेत का? यातलं काहीच कळल्याशिवाय काय सांगणार?

घर_बांधतोय
मी सांगलीत बंगला बांधतोय, तेव्हा अनुभवाने सांगतो. क्रश सँड घेताना धुतलेलीच घ्या. नुसती भुकटी आली तर गिलाव्याला तडे जातात. ट्रक खाली करायच्या आधी मुठीत घेऊन बघा, हाताला पीठ चिकटलं तर परत पाठवा. ब्रासमागे थोडे जास्त गेले तरी चालतील.

प्लिंथलेव्हल
वाळूचं नंतर बघू हो. पार्किंग अधिक ४ मजले, मजल्यावर ४ फ्लॅट. मी कंत्राटदाराकडे साईट इंजिनिअर, डिप्लोमा झालाय. काम विथ मटेरियल. फुटिंगचे, म्हणजे पायाचे, नकाशे आलेत, वरचे यायचेत. लिंक द्या ना कोणीतरी.

निवृत्त_उपअभियंता
बाळा, लिंकने चार्ट होत नाही, आधी आकडे लागतात. ते कुठे मिळतात ते सांगतो, सगळं फुकट आहे.

सीपीडब्ल्यूडीच्या (केंद्र सरकारच्या बांधकाम खात्याच्या) संकेतस्थळावर डीएआर, म्हणजे दिल्लीचं दर-पृथक्करण, पीडीएफमध्ये आहे. लोक त्यात फक्त दर बघतात. खरा माल त्याच्या आत आहे: एका घनमीटर वीटकामाला किती गवंडी, किती बिगारी लागतात, हे प्रत्येक बाबीखाली दिलेलं असतं. आपल्या सार्वजनिक बांधकाम विभागाची राज्य दरसूचीही ऑनलाइन आहे, पण तिचा उपयोग बिलाला जास्त. भारतीय मानकं (आयएस) ती ठरवणाऱ्या बीआयएसच्या पोर्टलवर नाव नोंदवून फुकट उतरवता येतात. आयएस ७२७२ मजुरांच्या कामाच्या प्रमाणांवर आहे, आयएस १२०० मोजमापांवर, आयएस १५८८३ तर बांधकाम प्रकल्पाच्या व्यवस्थापनावरच.

आता हिशोब. समजा आतला गिलावा १२०० चौरस मीटर आहे. तुमच्या टोळीने मागच्या साईटवर दिवसाला ४० केला असेल तर ३० दिवस. दोन टोळ्या लावल्या तर कागदावर १५. पण दोघींना माल चढवणारी होइस्ट एकच असेल तर १५ होणार नाहीत. हे सॉफ्टवेअर सांगत नाही, साईटवर उभं राहून बघावं लागतं. छापील प्रमाणापेक्षा तुमच्या स्वतःच्या हजेरीपुस्तकातला आकडा नेहमी वरचढ धरा.

आणि प्लॉट ५०० चौरस मीटरच्या वर असेल तर ८ पेक्षा जास्त फ्लॅट म्हणजे महारेराची (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाची) नोंदणी आलीच. तिथे बिल्डरने काम पूर्ण व्हायची कोणती तारीख दिली आहे ती बघा. नोंदणी क्रमांक टाकला की कोणालाही दिसते. तुमचा चार्ट त्या तारखेच्या पुढे जाऊन चालणार नाही.

केतकी_सिव्हिल
काकांनी फार महत्त्वाचं सांगितलं. सॉफ्टवेअरसाठी प्रोजेक्टलिब्रे घ्या. फुकट आहे, मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टच्या फाइल्स उघडतं. आधी कॅलेंडर बसवा. रविवारची सुट्टी तशीच ठेवू नका. तुमचे मजूर आठवडी बाजाराच्या दिवशी पगार घेऊन जात असतील तर सुट्टी त्या दिवशी टाका. गणपतीत कोकणातली साईट किती दिवस बंद असते ते तुम्हाला मी सांगायला नको. स्थानिक माणूस तेव्हा कामावर येत नाही आणि त्याने यावं अशी अपेक्षाही करू नये.

शिकायला एनपीटीईएल या सरकारी शिक्षण-पोर्टलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे बांधकाम व्यवस्थापनाचे पूर्ण कोर्स आहेत. व्हिडिओ फुकट, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी. सोमवारपर्यंत फक्त नेटवर्क (कोणतं काम कोणाच्या आधी) आणि क्रिटिकल पाथ (ज्या कामांना उशीर झाला की सगळंच लांबतं) यांचे तास बघा.

दुबईकर
म्हणजे शेवटी सॉफ्टवेअरच ना? फुकटचं शिकून पुढे काय? उद्या मोठ्या कंपनीत गेला तर पी६ च लागेल. एक्सेलमध्ये रंगवलेल्या पट्ट्यांना तर काहीच अर्थ नाही, एक तारीख हलवली की बाकीच्या जागच्या जागी.

केतकी_सिव्हिल
एक्सेल कोणी म्हटलंच नाही. १६ फ्लॅटच्या इमारतीला पी६ चा खर्च कोणता कंत्राटदार करेल? क्रिटिकल पाथचा हिशोब दोन्हीकडे तोच आहे. तो समजला की पी६ ची बटणं शिकायला वेळ लागत नाही.

बाबा_मिस्त्री
चार्टात स्लॅबला २१ दिवस धरा. त्याच्या आत आमच्याकडे कोणी सेंट्रिंग (स्लॅबखालच्या प्लेटा आणि टेके) खोलत नाही.

निवृत्त_उपअभियंता
मिस्त्री, सरसकट २१ कुठून आले? आयएस ४५६:२००० बघा. साध्या पोर्टलँड सिमेंटला, तापमान १५ अंशांच्या वर असताना, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेके ७ दिवसांनी, त्याहून मोठ्याचे १४ दिवसांनी. बीमला ६ मीटरपर्यंत १४, त्यापुढे २१. कॉलमच्या बाजूच्या प्लेटा तर १६ ते २४ तासांत निघतात.

बाबा_मिस्त्री
साहेब, पुस्तक बरोबर असेल. पण आता येतं ते सगळं पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, ते उशिरा धरतं. आणि खालचे जॅक (टेके) काढून तेच वरच्या मजल्याच्या स्लॅबला लावणार? वरचं ओझं कोण घेणार? मी जॅक सोडत नाही.

निवृत्त_उपअभियंता
हे मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. दुसऱ्या सिमेंटला मुदत बदलावी, असं त्याच कलमात आहे. आणि वरचा ओला स्लॅब खालच्या कोवळ्या स्लॅबवर येतो, तेव्हा टेके किती मजले ठेवायचे हे आरसीसी कन्सल्टंटकडून लेखी घ्या. प्लिंथलेव्हल, याचा चार्टवर थेट परिणाम होतो. जॅक आणि प्लेटांचे संच किती आहेत त्यावर तुमच्या स्लॅबचा वेग ठरणार. एकच संच असेल तर पुढचा स्लॅब लवकर येणारच नाही, मजूर कितीही वाढवा.

घर_बांधतोय
पीपीसी असेल तर पाणी निदान १० दिवस मारा. मी स्लॅबवर मातीचे आळे करून पाणी भरून ठेवलं होतं.

प्लिंथलेव्हल
धन्यवाद. प्रोजेक्टलिब्रे टाकलं, कॅलेंडरमध्ये बाजाराचा दिवस आणि गणपती घातले. प्लेटांचे संच दीड आहेत, म्हणजे एक पूर्ण मजला आणि अर्धा. महारेरावरची तारीख बघितली, तशी जवळ आहे. शेठ म्हणतात पावसातही फुटिंग चालू ठेवा. ते कसं दाखवू?

निवृत्त_उपअभियंता
खड्डा किती खोल? आणि खाली कातळ लागलाय की मुरूम?

प्लिंथलेव्हल
लिफ्टचा खड्डा सगळ्यात खोल. वर जांभा, खाली चिकट माती. एका कोपऱ्यात आत्ताच झिरपतंय.

निवृत्त_उपअभियंता
मग लिफ्टचा खड्डा आणि त्या कोपऱ्यातली फुटिंग्ज सगळ्यात आधी घ्या, पावसाच्या आत प्लिंथपर्यंत भराव करून टाका. जी उरतील त्यांचा वेग निम्मा धरा आणि पाणी उपसायचा पंप वेगळी बाब म्हणून दाखवा, खर्चासकट. शेठना ते चार्टवर दिसलं पाहिजे. खड्डा तळापर्यंत गेला की कन्सल्टंटला बोलावून तळ दाखवा, तोपर्यंत पीसीसी, म्हणजे तळाचं साधं काँक्रीट, टाकू नका.

दुबईकर
पंप चालवायला डिझेल की लाईट? तिकडे पावसात लाईट जाते, जनरेटरही धरा.