‘बारीक हो’ असं तुम्हाला पहिल्यांदा कोणी सांगितलं? अनुभव लिहा

गेल्या आठवड्यात लेकीच्या गणिताच्या वहीचं शेवटचं पान दिसलं. पोळी, वरण, केळं, प्रत्येकापुढे कॅलरीचा आकडा आणि खाली बेरीज. ज्या दिवशी बेरीज कमी, त्या दिवसाखाली दोन रेघा. ती नववीत आहे. दोन महिने डबा अर्धा परत येत होता आणि मी ‘भूक नसेल’ म्हणून सोडून देत होते.

1994 साली सुश्मिता सेन मिस युनिव्हर्स आणि ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड झाली, तेव्हा मीही शाळेत होते. छत्तीस-चोवीस-छत्तीस हे आकडे वर्गात पाढ्यासारखे पाठ होते. आईच्या शिवणाच्या टेपनं मी गुपचूप कंबर मोजायचे. पण आमचा टीव्ही रात्री बंद व्हायचा. लेकीच्या हातातल्या फोनमधल्या त्या सपाट पोटाच्या मुली झोपेपर्यंत तिच्यासोबत असतात.

तिला डॉक्टरांकडे नेणार आहेच. त्याआधी तुमच्याकडून ऐकायचंय. तुम्हाला कोणी सांगितलं, तुम्ही काय केलंत, आणि त्या वेळी घरच्यांनी काय करायला हवं होतं? पुरुषांनीही लिहा.

चाफा
पहिल्यांदा मामीनं, बारावीच्या सुट्टीत. पण खरं सुरू झालं 2009 मध्ये, माझ्यासाठी स्थळं बघायला लागले तेव्हा. वधू-वर मंडळाच्या फॉर्मात ‘बांधा’ असा रकाना होता. बाबांनी ‘मध्यम’ लिहिलं. तिथल्या बाईंनी माझ्यासमोर ते खोडलं आणि म्हणाल्या, “आठ-दहा किलो उतरवा, मग फोटो काढू.” झिरो फिगरचे दिवस होते, करीना कपूर काय खाते हे सगळ्यांना माहीत होतं. मी रात्रीचं जेवण सोडलं. बघायला आलेल्यांपुढे पोह्यांच्या बश्या ठेवायच्या आणि आपण एक घासही घ्यायचा नाही. तिसऱ्या स्थळाला लग्न ठरलं. तोवर चार महिने पाळी आली नव्हती, हे फक्त मला आणि आईला ठाऊक. आई म्हणाली, “लग्न होऊ दे, मग बघू.”
लग्नाचा अल्बम मी उघडत नाही. त्यात मी सगळ्यात सुंदर दिसते असं सगळे म्हणतात.

रानवारा
सहावीपासून माझं नाव ‘ढोल्या’. पीटीचे सर वजन करून आकडा मोठ्यानं सांगायचे, दुसरा मुलगा लिहून घ्यायचा. पुढे वजनाच्या दिवशी मी शाळेतच जायचो नाही. आज चाळिशीत आहे. पोहायला फार आवडतं, पण शर्ट काढावा लागतो म्हणून तलावावर जात नाही.

तगर
माझा अनुभव उलटा आहे. 2016 मध्ये चार महिन्यांत माझं अकरा किलो वजन उतरलं. ऑफिसात रोज कौतुक. “काय डाएट करतेस? आम्हालाही सांग ना.” संध्याकाळी बारीक ताप यायचा, खोकला हटत नव्हता. तरी मी दवाखान्यात जायला दीड महिना उशीर केला, कारण आयुष्यात पहिल्यांदा लोक मला छान म्हणत होते. फुफ्फुसाचा टीबी निघाला. सहा महिने गोळ्या घेतल्या, भूक परत आली, गालांवर रंग आला. तेव्हा त्याच मैत्रिणी म्हणाल्या, “अगं, परत सुटलीस की!”
मी बरी झाले होते.

जाईजुई
कथकच्या क्लासमध्ये कार्यक्रमात मला कायम मागच्या ओळीत उभं करायचे. तोडे माझेच सगळ्यात स्वच्छ असायचे. सोडलं.

सांजवात
मी मानसशास्त्र शिकवते. फिजी बेटांवर भरलेलं अंग म्हणजे माणसं तुमची काळजी घेतात याची खूण मानत. आपल्याकडे ‘खात्यापित्या घरची’ म्हणायचे, तसंच. 1995 मध्ये तिथल्या नाद्रोगा भागात टीव्ही पोहोचला. अ‍ॅन बेकर या संशोधिकेनं शाळकरी मुलींना तेव्हा आणि पुन्हा 1998 मध्ये प्रश्न विचारले. वजनासाठी मुद्दाम उलटी काढणारी आधी एकही नव्हती, तीन वर्षांनी 11.3 टक्के मुलींनी तसं सांगितलं. आणि आपल्या देशात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांच्या अंगात पुरेसं रक्त नाही (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, एनएफएचएस-5, 2019-21), तरी पोरींना आपण ‘भात कमी कर’ सांगतो. मला याचा फार संताप येतो.
ताई, लेकीशी वजनावर बोलूच नका, कौतुकाचंही नको. वहीवरून रागावू नका. रात्री सगळे एकत्र जेवा. पाळी चुकणं, चक्कर, सतत थंडी वाजणं, केस गळणं, यातलं काही असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. आणि वाट बघू नका, लवकर न्या.

धागा काढणारी
सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवारची वेळ मिळाली आहे.
तगर, काल रात्री तुमचं लिहिणं लेकीला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, “त्यांना कोणीच म्हटलं नाही, की बरं झालं तुम्ही बऱ्या झालात?” मी म्हटलं, आपण म्हणू. हे वाक्य तिनं सांगितलंय, तसंच लिहिते: मावशी, तुम्ही बऱ्या झालात, खूप छान झालं.