"नॅचरल आहे, साइड इफेक्ट शून्य" हे वाक्य ऐकलं की डोकं फिरतं

तिरसट_काकू
आमच्या सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर काल एका ताईंनी टाकलं, "गार्सिनियाच्या गोळ्या, २ महिन्यांत ९ किलो गेलं, ना डाएट ना व्यायाम, पूर्ण नॅचरल त्यामुळे साइड इफेक्ट शून्य, हव्या असतील तर पर्सनलवर सांगा." खाली सतरा जणींचं "मला पण". तिथे काही बोलले तर म्हणणार काकूंना कुणाचं चांगलं बघवत नाही, म्हणून इथे लिहितेय.

१९९८ साली अमेरिकेत १३५ जाड माणसांवर १२ आठवडे हीच गोळी तपासलेली आहे. काहींना रोज दीड ग्रॅम एचसीए (गार्सिनियातलं आम्ल, त्यानेच वजन उतरतं म्हणतात), बाकीच्यांना नुसती खोटी गोळी, जेवण सगळ्यांचं सारखंच कमी केलेलं. खऱ्या गोळीवाल्यांचं सरासरी ३.२ किलो गेलं आणि खोटीवाल्यांचं ४.१. दोन्हीतला फरक धरण्यासारखा नव्हता म्हणे, म्हणजे गोळी घेतली काय नि नाही घेतली काय. उतरलं ते जेवण कमी केल्यामुळे.

आणि साइड इफेक्ट शून्य? गेल्या वर्षी माझ्या जाऊबाईंनी ऑनलाइन "हर्बल स्लिमिंग" कॅप्सूल मागवल्या. भूक खरंच मेली, ५ किलो उतरलं पण, घरात पेढे वाटायचेच बाकी होते. मग रात्ररात्र झोप नाही, तोंडाला कोरड, छातीत धडधड, बीपी १६०/१००. डबीवर पानाचं चित्र, पत्ता नाही, बॅच नंबर नाही. बंद केल्यावर पंधरा दिवसांत बीपी जागेवर आलं. ५ किलोचे ७ होऊन परत आले ते वेगळंच.

जिमवाला_पश्या
काकू, एका टपरीवर पोट बिघडलं म्हणून काय जगातले सगळे वडापाव बंद करायचे का? मी फॅट बर्नर घेऊन ११ किलो उतरवलेत, ६ महिने झाले, रिपोर्ट सगळे नॉर्मल. आणि जाऊबाईंचं बीपी कॅप्सूलनेच वाढलं हे टेस्ट केलं का तुम्ही? नाही ना? मग हा पण किस्साच झाला, त्या ताईंचा तसा तुमचा. १९९८ ची स्टडी काय सांगता, तेव्हा मी बालवाडीत होतो.

तिरसट_काकू
टेस्ट नाही केली, कबूल. डबी जाऊबाईंनीच कचऱ्यात टाकली, मी पोचायच्या आत. आणि तू बालवाडीत होतास म्हणून माणसाचं लिव्हर तेव्हा वेगळं होतं का रे?

काउंटरच्या_मागून
मेडिकलचं दुकान आहे, २२ वर्षं, म्हणून लिहितो. काकूंची डबी मी बघितलेली नाही, पण झोप नाही, कोरड, धडधड, बीपी ही सगळी लक्षणं सिब्युट्रामिनची आहेत. हे वजनाचं औषधच होतं, चिठ्ठीवर मिळायचं. हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा धोका दिसला, २०१० मधे अमेरिकेतून गेलं, २०११ मधे आपल्याकडे बंदी आली. दुकानातून गेलं आणि "हर्बल" डब्यांत शिरलं, जगभरात असे डबे पकडलेत. म्हणून एखादी हर्बल गोळी आठ दिवसांत भूक मारायला लागली की मी खूश होत नाही, मला आधी संशय येतो.

दुसरं, सप्लिमेंट म्हणजे औषध नव्हे, ते एफएसएसएआयकडे, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेकडे, अन्न म्हणून जातं. डब्यावर त्यांचा १४ आकडी नंबर आहे याचा अर्थ वजन कमी होतं हे कुणी तपासलंय असा नाही, तो नंबर बिस्किटाच्या पुड्यावर पण असतो. आणि १९५४ च्या जादूटाइप उपायांच्या जाहिरातींवरच्या कायद्यात, जे आजार औषधाने घालवतो अशी जाहिरातच करायची नाही त्यांच्या यादीत लठ्ठपणा आहे. रोज सकाळी पेपरातून पडणारी पत्रकं बघा आणि हसा.

खालची_आळी
गार्सिनियाला शिव्या घालताय पण गार्सिनिया म्हणजे आमचं कोकम, हे माहितीये ना? आजीच्या आजीपासून खातोय, कुणाचं लिव्हर गेलं नाही. आमच्याकडे रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, झाडाखाली कुजतात, मे महिन्यात एक सर आली की सगळा माल मातीत, भाव सांगायलाही लाज वाटते, आणि तिकडे शहरात तीच साल पावडर करून ६० कॅप्सूलचे १५०० घेतात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१८ ला जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं सरकारी मानांकन, मिळालं, त्याचा फोटो व्यापाऱ्याच्या दुकानात लागलाय. आमच्या खिशात काय आलं विचारा.

काउंटरच्या_मागून
दादा, थोडी गल्लत होतेय. गोळ्यांतलं बहुतेक केरळातलं कुडमपुळी असतं, माशाच्या आमटीत घालतात ते. कोकमाचं भावंड. एचसीए दोन्हीत असतं हे खरं. पण चार आमसुलं आमटीत टाकणं वेगळं आणि अर्क काढून रोज ग्रॅमने गिळणं वेगळं. अर्काच्या गोळ्यांनी लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात. ग्रीन टीचं पण तेच, कपभर प्या काही होत नाही, अर्काची कॅप्सूल मात्र युरोपवाल्यांनी २०१८ मधे तपासली तर त्यातलं ईजीसीजी नावाचं द्रव्य दिवसाला ८०० मिलीग्रॅम किंवा जास्त गेलं की काहींची लिव्हरची एन्झाइम्स वाढलेली.

खालची_आळी
भावंड काय, सख्खा भाऊच. आणि "चार आमसुलं" म्हणताय ती दुकानातली ना? साल रसात भिजवायची, उन्हात घालायची, परत रसात, परत उन्हात, असं पाच-सहा वेळा केलं तर आमसूल. हल्ली मिठाच्या पाण्यात एकदा बुडवून वाळवतात आणि तुम्ही लोक घेता.

पेठेतली_वहिनी
कोकमाने पित्त जातं हे मी अनुभवाने सांगते. रोज जेवणानंतर सोलकढी घेते, वजन ६२ वर स्थिर आहे ४ वर्षं.

जिमवाला_पश्या
वहिनी, सोलकढीत नारळाचं दूध असतं, ते फॅटच आहे 😂

खालची_आळी
फॅट म्हणून हसू नको रे, तुझ्या डब्यातल्या पावडरीपेक्षा बरं. आणि वहिनी, पेठेत सोलकढीत बीट घालतात रंगासाठी. ती सोलकढी नव्हे. आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, चांगलं असलं तर रंग आपला येतो.

पेठेतली_वहिनी
आमच्या घरी बीट घालत नाहीत!! उगाच काहीही. आणि तुमच्याकडच्या हॉटेलात लसूण इतका असतो की दुसऱ्या दिवसापर्यंत तोंडाला वास.

खालची_आळी
लसणाशिवाय सोलकढी म्हणजे गुलाबी पाणी. लिहून घ्या.

तिरसट_काकू
अहो धागा वजनाच्या गोळ्यांवर आहे. पश्या, तू ११ किलो म्हणालास, त्या ६ महिन्यांत खात काय होतास?

जिमवाला_पश्या
उकडलेली अंडी, चिकन, पनीर, दोन भाकऱ्या. साखर बंद, वीकेंडची बिअर बंद. सकाळी दीड तास जिम.

तिरसट_काकू
आणि श्रेय गोळीला.

जिमवाला_पश्या
गोळीने वर्कआउटला किक येते ना पण.

काउंटरच्या_मागून
डब्यावर कॅफिन किती लिहिलंय?

जिमवाला_पश्या
एका कॅप्सूलला २०० मिलीग्रॅम. दिवसाला दोन.

काउंटरच्या_मागून
४०० म्हणजे धडधाकट माणसाची दिवसाची मर्यादा तिथेच संपली. वर चहा किती?

जिमवाला_पश्या
चार-पाच कटिंग. हो हो कळलं, महिन्याला २२०० रुपयांची कॉफी पितोय मी, झालं समाधान? तरी व्हे प्रोटीनला कुणी हात लावायचा नाही, ते वेगळं आहे, सगळ्याला एकाच माळेत ओवू नका.

काउंटरच्या_मागून
व्हेला कोण काय म्हणतंय, ते दूधच आहे.

दोनदाच_जेवतो
सगळं सोडा, दिवसातून दोनदा जेवा आणि मधे काही नाही. दीक्षितांचं ऐकून मी ८ किलो उतरवले, खर्च शून्य.

पेठेतली_वहिनी
झालं, आता हे सुरू. दर दोन तासांनी खा म्हणणारे येतीलच मागोमाग.

काउंटरच्या_मागून
डायबेटिसच्या गोळ्या चालू असतील तर जेवणं डॉक्टरांना विचारून कमी करा, शुगर खाली जाते. आणि २०२५ च्या मार्चमधे मौंजारो हे डायबेटिस-वजनाचं इंजेक्शन आल्यापासून लोक काउंटरवर विचारतात, "तसलंच पण चिठ्ठीशिवायचं काही आहे का". भूक मारणारं खरं औषध म्हणजे ते इंजेक्शन, मळमळ-उलट्यांचा त्रास धरून, आणि ते डॉक्टरच्या नजरेखाली. "तसलंच हर्बल" असं काही नसतं.

जिमवाला_पश्या
आता तुमचं पण दुकान आलं मधे.

काउंटरच्या_मागून
येणारच. गार्सिनिया पण विकतो मी, मागितलं की देतो. नाही दिलं तर समोरच्या दुकानात जातात.

तिरसट_काकू
हे आधी सांगायचं होतंत!

खालची_आळी
काकू, कुणाला अस्सल आगळ हवं असेल तर सांगा. वजन कमी होईल असं म्हणत नाही.